फ्लायब्रिजवरचा दुसरा डिस्प्ले वारंवार बंद पडतो, डेटा जातो: कुठे आणि कसं मोजायचं

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे आपल्या बोटीचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. खालच्या केबिनमधला प्लॉटर, म्हणजे नकाशा दाखवणारा डिस्प्ले, वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतोय. वर फ्लायब्रिजवर, म्हणजे केबिनच्या छपरावरच्या दुसऱ्या सुकाणूपाशी, नंतर बसवलेला दुसरा डिस्प्ले मात्र इंजिनला स्टार्टर मारला की काळा पडतो आणि मिनिटभराने आपला आपण उठतो. उठला तरी भरवसा नाही. नकाशा असतो, पण खोलीच्या जागी नुसत्या रेघा. कधी एआयएसवरची (आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) जहाजं गायब होतात आणि तासाभराने पुन्हा हजर. फिटर येतो, प्लग काढून परत घालतो, सगळं सुरळीत. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

मुंबई बंदरात आणि अलिबागच्या बाजूला हा प्रकार मी बऱ्याच बोटींवर पाहिला आहे. गेल्या मोसमातली एक बोट धरून सगळं सांगतो, कारण तिच्यात एकाच वेळी तीन-चार दोष होते आणि एक दोष दुसऱ्याला झाकत होता. ३८ फुटी बोट, जुळी डिझेल इंजिनं, मांडव्याजवळ मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधलेली, असते. मालकांनी वरचा डिस्प्ले एकदा वॉरंटीत बदलून घेतला होता, दुसऱ्यांदा पदरचे पैसे घालून. तिसऱ्या वेळी तांडेलांनी, म्हणजे बोट चालवणाऱ्यांनी, मला फोन केला. "दादा, वरचं मशीन परत गेलं. आता नवीन नको, आधी बघा काय झालंय ते."

खरं तर निम्मं उत्तर त्यांच्या या वाक्यातच होतं. एकाच जागी दोन नवे डिस्प्ले एकाच पद्धतीने बंद पडत असतील, तर दोष त्या जागेपर्यंत जाणाऱ्या वायरीत शोधायचा.

वर डिस्प्ले लागतोच कशाला, असं खाली बसून वाटतं. या पट्ट्यात बोट चालवणाऱ्याला तसं वाटत नाही. डोलजाळ्यांचे बोये आणि खुंट वरून दिसतात तसे खालच्या काचेतून दिसत नाहीत, त्यामुळे दिवसा तांडेल वर बसूनच सुकाणू धरतात. पण उधाणाच्या ओहोटीला पाणी झपाट्याने उतरतं आणि खोलीचा आकडा मात्र खाली. मग एक खलाशी शिडीशी उभा राहून आकडे ओरडून सांगतो. इंजिनांच्या आवाजात 'दोन' म्हणाला की 'दहा', हे ऐकणाऱ्याच्या नशिबावर. म्हणून वरचा डिस्प्ले ही हौस नाही, आणि अर्धवट चालणारा डिस्प्ले नसलेल्या डिस्प्लेपेक्षा वाईट, कारण माणूस त्याच्यावर विसंबतो.

आधी वीज, आणि तीही भार असताना

पहिली चूक जवळपास सगळ्यांकडून होते. मीटर घेऊन वर चढायचं, डिस्प्लेचा प्लग काढायचा आणि प्लगच्या पिनांवर व्होल्टेज बघायचं. १२.६ दिसतं. 'सप्लाय ओके आहे' असं ठरतं आणि संशय डिस्प्लेवर जातो. प्लग काढल्यावर वायरमधून करंट वाहतच नाही. वायर केसासारखी बारीक असली तरी अशा वेळी टोकाला पूर्ण व्होल्टेज दिसणारच. नळ बंद असताना पाइपात प्रेशर असतंच. धार किती येते ते नळ सोडल्यावर कळतं.

म्हणून डिस्प्ले जोडलेला आणि चालू ठेवायचा, प्रकाश पूर्ण वाढवायचा आणि कन्सोलच्या मागे, डिस्प्लेच्या जितकं जवळ जाता येईल तिथे मीटरची टोकं लावायची. या बोटीवर मिळालेले आकडे असे. बॅटरीवर १२.६. खालच्या डिस्प्लेपाशी १२.४. वरच्या डिस्प्लेपाशी ११.२.

जवळपास दीड व्होल्ट वाटेतच गळत होते. का, ते कागदावरही काढता येतं. तांब्याच्या वायरची जाणं-येणं धरून एकूण लांबी मीटरमध्ये घ्या, ०.०१७२ ने गुणा आणि वायरच्या स्क्वेअर एमएमने भागा. मिळतो तो ओहममधला रोध. त्याला करंटने गुणलं की व्होल्टेजचा उतार. लांबी मोजताना मात्र फसू नका. शिडी अडीच मीटरची म्हणून वायर तीन मीटरची नसते. या बोटीत ती पॅनलपासून बाजूच्या पोकळीतून मागे, शिडीच्या पाइपातून वर आणि पुन्हा पुढे कन्सोलपर्यंत, अशी ११ मीटर जात होती. येणं धरून २२. वायर होती एक स्क्वेअर एमएमची, घरात दिव्याच्या बटणाला वापरतात तसली. १२ इंची डिस्प्ले पूर्ण प्रकाशात साधारण अडीच अँपिअर घेत होता. हिशेब केला तर नुसत्या वायरीतच ०.९५ व्होल्ट जातात. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात अशा उपकरणांसाठी उतार ३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. १२ व्होल्टला तो ०.३६ होतो. इथे जवळपास तिप्पट.

उरलेले ०.४ व्होल्ट गेले कुठे? शिडीच्या वरच्या तोंडाशी, गादीखालच्या कप्प्यात, काळ्या टेपची एक गाठ सापडली. बोटाने दाबली तर आतून पाणी पाझरलं. टेप उलगडत गेलो तसा शेवटचा वेढा चिकट काळ्या लगद्यासारखा हातात आला, आणि आत नुसते पिळून जोडलेले तांब्याचे पदर. वरून काळे पडलेले, मधे हिरवागार कळंक. नखाने खरवडला तर भुगा झाला. वायरचं कवच थोडं मागे सोललं तरी आतला तांबा काळाच. खारं पाणी पदरांतून केशाकर्षणाने आत चढलं होतं. हा जोड कितीही वेळा नव्याने पिळला तरी टिकणार नाही, कारण चांगला तांबा तिथे उरलेलाच नाही. फिटरने दर वेळी प्लग हलवला की वायर थोडी हलायची, जोडाला तात्पुरता नवा स्पर्श मिळायचा आणि पंधरा दिवस निघायचे. 'दुरुस्ती' होत होती ती एवढीच.

जोड उलगडण्याआधी त्याचा दोष मोजूनही घेता येतो, आणि तसा घ्यावाच. डिस्प्ले चालू असताना मीटरचं एक टोक जोडाच्या अलीकडे, एक पलीकडे, त्याच वायरवर. चांगल्या जोडावर शून्याच्या आसपास काहीतरी दिसतं. इथे ०.४ दिसलं. वाटेतल्या प्रत्येक फ्यूजवर, स्विचवर आणि लगवर (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) हेच करत गेलं की उतार कुठे आहे ते सापडतं. अंदाजाला जागाच उरत नाही.

स्टार्टर मारताना काय होतं

आता मुख्य कोडं. डिस्प्ले स्टार्टरच्या वेळीच का जातो, तोही कधी जातो, कधी जात नाही?

मीटरवर मिन-मॅक्सची, म्हणजे सर्वांत खालचा-वरचा आकडा धरून ठेवायची, सोय असेल तर तीच लावा. आकडा क्षणभरच पडतो, डोळ्याने पकडता येत नाही. मी वर बसलो आणि तांडेलांनी खालून डावं इंजिन मारलं. बॅटरीवर सर्वांत खालचा आकडा १०.७, खालच्या डिस्प्लेपाशी १०.५, वर ९.०. डिस्प्लेच्या माहितीपुस्तिकेत किमान १० व्होल्ट लिहिले होते. म्हणजे खालचा डिस्प्ले जेमतेम तरून जात होता आणि वरचा बुडत होता. त्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. या डिस्प्लेंच्या आतला पॉवर सप्लाय व्होल्टेज पडलं की तेवढीच वीज मिळवण्यासाठी करंट जास्त ओढतो. करंट वाढला की वायरीतला उतार वाढतो, आणि व्होल्टेज आणखी पडतं. बारीक वायर नेमक्या अडचणीच्या क्षणी जास्त दगा देते ती अशी.

कधी होतं आणि कधी होत नाही, याचं उत्तर बॅटरी स्विचमध्ये होतं. बोटीला इंजिनांची बॅटरी वेगळी आणि दिवे-उपकरणांची वेगळी आहे; मधे '१', '२' आणि 'दोन्ही' असा फिरता स्विच. स्विच '१' वर असताना स्टार्टर इंजिनांच्या बॅटरीतून ओढतो आणि उपकरणांना त्याचा धक्काही लागत नाही. खलाशी सकाळी घाईत तो 'दोन्ही' वर टाकायचे, इंजिन हमखास लागावं म्हणून. ज्या दिवशी 'दोन्ही', त्या दिवशी डिस्प्ले काळा. तांडेलांना विचारलं तेव्हा त्यांनीच आठवून सांगितलं, की रविवारी गर्दीच्या दिवशी जास्त व्हायचं. रविवारी घाई असते. (इंजिन चालू असताना हा स्विच 'बंद' वरून फिरवायचा नाही, हे ओघात सांगतो. अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात.)

उपाय सरळ होता. जुनी वायर पूर्ण काढून टाकली आणि कलई केलेल्या तांब्याची ४ स्क्वेअर एमएमची जोडवायर उपकरणांच्या बॅटरीच्या फ्यूज पट्टीपासून थेट वरच्या कन्सोलपर्यंत नेली, मधे एकही जोड न ठेवता. अडीच स्क्वेअरची घेतली असती तर उतार ०.३८ आला असता, म्हणजे मर्यादेच्या जरा बाहेरच. शिवाय वर पुढेमागे व्हीएचएफ रेडिओ बसवायचा मालकांचा विचार होता. चारच्या वायरीत तो ०.२४ आला. फ्यूज डिस्प्लेच्या पुस्तिकेत सांगितलेला, आणि बॅटरीच्या बाजूला. तो वर कन्सोलमध्ये लावला तर खालची ११ मीटर वायर उघडी पडते. शिडीत कुठे घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवायला काहीच नाही. टोकांना क्रिम्प केलेले लग, वर गोंदवाली श्रिंक स्लीव्ह. सोल्डर बोटीवर मी टाळतो, कारण सोल्डर संपतं तिथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने तिथेच तुटते. टेप तर नाहीच.

बाजारात कलईची वायर दुप्पट-तिप्पट भावाने मिळते म्हणून मालक कुरकुरतात. दोन डिस्प्लेंच्या किमतीपुढे त्या वायरची किंमत किती, हे या मालकांना सांगावं लागलं नाही.

वीज सुधारली, तरी खोली गायब

इथवर आल्यावर काम झालं असं मलाही वाटलं होतं. डिस्प्ले स्टार्टरला हलेना. पण चौथ्या दिवशी फोन: खोली परत जाते. मग कळलं की हा दुसरा दोष पहिल्यापासूनच होता. डिस्प्ले सारखा बंद-चालू होत असल्यामुळे डेटा जाण्याचं खापरही त्याच्यावरच फुटत होतं.

खोली, वेग, एआयएस, इंजिनांचे आकडे हे सगळं एनएमईए २००० (बोटीवरच्या उपकरणांना एकमेकांशी जोडणारं नेटवर्क) च्या केबलवरून येतं. तिची रचना डोक्यात पक्की नसेल तर वरचा डिस्प्ले जोडताना चूक होतेच, म्हणून थोडं सविस्तर. एक मुख्य केबल असते, तिला बॅकबोन म्हणतात. तिच्यावर जागोजागी टी बसवलेले असतात, आणि प्रत्येक टीमधून एक छोटी केबल उपकरणाला जाते, ती ड्रॉप. बॅकबोनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर. दोनच टोकं, म्हणून दोनच टर्मिनेटर. एक ड्रॉप जास्तीत जास्त ६ मीटर, सगळ्या ड्रॉप मिळून ७८ मीटर, आणि आपल्याकडच्या बोटींवर दिसणाऱ्या बारीक केबलचा बॅकबोन १०० मीटरपर्यंत. या केबलला १२ व्होल्टचा सप्लाय एकाच ठिकाणी द्यायचा.

टर्मिनेटर कशासाठी, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला समजवायला सोपं आहे. धक्क्याच्या उभ्या भिंतीवर आपटलेली लाट मागे फिरते आणि येणाऱ्या लाटेत मिसळून पाणी खवळतं. पुळणीवर चढलेली लाट जागच्या जागी विरते. केबलच्या मोकळ्या टोकावर सिग्नल भिंतीसारखा आपटून परत येतो. टर्मिनेटर म्हणजे तिथली पुळण. पण पुळण टोकालाच हवी. मधेच आणखी एक घातली तर येणारा सिग्नलच अर्धामुर्धा विरून जातो.

हे एका मिनिटात तपासता येतं. नेटवर्कचा सप्लाय बंद करा, आणि पांढऱ्या व निळ्या वायरमधला रोध मोजा. दोन १२० समांतर, म्हणजे साधारण ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टर्मिनेटर नाही किंवा बॅकबोन मधे तुटलाय. ४० दिसले तर कुठेतरी तिसरा लावलाय. प्लगमधल्या पाच पिनांपैकी मधली निळ्याची आणि चौथ्या क्रमांकाची पांढऱ्याची. पण त्या बारीक पिनांवर मीटरची टोकं धरणं हलत्या बोटीवर जिकिरीचं होतं. मी एक जुनी ड्रॉप केबल कापून तिच्या पाचही वायरी मोकळ्या करून पिशवीत ठेवली आहे. कुठल्याही रिकाम्या टीला ती लावायची आणि निवांत मोजायचं. सप्लाय चालू असताना ओहम मोजू नका, आकडा खोटा येतो.

या बोटीवर ४० दिसले.

झालं होतं असं. खालच्या कन्सोलमागे बॅकबोनचं एक टोक होतं, टर्मिनेटर लावलेलं. वरचा डिस्प्ले बसवताना आधीच्या फिटरने तिथल्या शेवटच्या टीवरून १० मीटरची केबल वर नेली, वर एक नवा टी बसवला, आणि किटमध्ये टर्मिनेटर आला होता म्हणून त्या टीला तोही लावून टाकला. खालचा जुना तसाच राहिला. दिसायला सगळे प्लग गच्च, कुठे काही मोकळं नाही. नेटवर्क बहुतेक वेळ चालतही होतं, आणि म्हणूनच ते कुणाच्या संशयात आलं नाही. मर्यादेच्या काठावर चालणारी केबल दुपारच्या उन्हात किंवा एखादा प्लग ओलावला की कोलमडते आणि संध्याकाळी सावरते.

वरचा टर्मिनेटर काढला की ६० ओहम येतात. इथे थांबायचा मोह होतो, मीसुद्धा क्षणभर थांबलो. पण मग ती १० मीटरची केबल ड्रॉप ठरते, आणि ६ मीटरची मर्यादा मोडते. ओहम बरोबर, तरी रचना चूक. बरोबर रीत उलटी आहे: खालचा टर्मिनेटर काढायचा, त्याच तोंडाला वर जाणारी केबल लावायची म्हणजे बॅकबोनच वरपर्यंत वाढतो, वरच्या टीच्या पलीकडच्या तोंडाला टर्मिनेटर, आणि त्या टीपासून डिस्प्लेपर्यंत मीटरभराचा ड्रॉप. पुन्हा मोजलं, ६० ओहम. सप्लाय चालू करून वरच्या टीवर लाल-काळ्यात व्होल्टेजही पाहिलं. उपकरणांना ९ च्या खाली चालत नाही, इथे १२ च्या वर होतं. त्यानंतर डेटा गेलेला नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. वरच्या डिस्प्लेवर रडार किंवा फिशफाइंडरचं चित्र येत नाही म्हणून लोक हेच नेटवर्क उसकटत बसतात. ते चित्र या केबलवरून येतच नाही. त्याला दोन डिस्प्लेंमध्ये वेगळी इथरनेट केबल किंवा वायफाय जोडणी लागते, आणि दोन्ही डिस्प्ले एकाच कंपनीचे, एकमेकांशी जुळणारे लागतात. खाली एका कंपनीचा आणि वर दुसऱ्या कंपनीचा असेल तर जागा, खोली, एआयएस, वारा एवढं मिळेल. तो दोष नव्हे. दुसरा डिस्प्ले विकत घेण्याआधी हे विचारून घ्यावं.

दोन डिस्प्ले, दोन खोल्या

याच्याइतकी काळजी मला दुसऱ्या कुठल्याही दोषाची वाटत नाही, आणि याच्याबद्दल तक्रार मात्र कुणीच केली नव्हती. सगळं जोडून झाल्यावर मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. खाली २.९ मीटर, वर २.१. त्याच क्षणी, त्याच सेन्सरवरून.

खोलीचा सेन्सर बोटीच्या बुडाला असतो. तिथून मोजलेल्या आकड्यात पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मिळवायचं, की सर्वांत खालच्या भागापर्यंतचं वजा करायचं, हे डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ठरवतात. बरेच डिस्प्ले हा फरक स्वतःपुरता साठवतात. खालच्या डिस्प्लेत पूर्वी कुणीतरी पृष्ठभागापासूनची खोली लावली होती. नव्या डिस्प्लेत काहीच लावलं नव्हतं. त्यामुळे खाली बसलेल्याचा '२.९' आणि वर बसलेल्याचा '२.१' हे एकाच पाण्याचे आकडे होते. वरच्या आकड्याची सवय झालेला माणूस रात्री खाली बसून तोच अंदाज धरून आत शिरला, तर उधाणाच्या ओहोटीला बोट चिखलात बसेल. आणि खांदेरी-उंदेरीच्या बाजूला चिखल नाही, खडक आहे.

दोरीला वजन बांधून सेन्सरच्या बाजूला सोडलं, पाण्याच्या रेषेवर चिमटीत धरून दोरी मोजली. तांडेल लहानपणापासून खोली वावांत मोजत आलेले. त्यांनी हात पसरून वाव घेतला आणि माझी टेप उघडायच्या आत 'दीड वावाला थोडं जास्त' म्हणून सांगितलं. टेपवर २.९ भरले. दोन्ही डिस्प्लेंवर मग एकच पद्धत लावली. त्यांना पृष्ठभागापासूनची खोली हवी होती, कारण नकाशावरची खोली आणि भरतीचं कोष्टक तिच्याशी जुळवता येतं. काहींना बुडाखाली किती पाणी उरलं ते हवं असतं. कुठलीही घ्या, दोन्हीकडे तीच घ्या.

जीपीएसचंही असंच. नव्या डिस्प्लेत स्वतःचा जीपीएस होता, आणि बोटीवर बाहेरचा अँटेना आधीपासून होता. खालचा अँटेनावरून जागा घेत होता, वरचा स्वतःकडून. दोघांवरची बोट थोडी वेगळ्या ठिकाणी दिसायची. सोर्स निवडायच्या पानावर दोन्हीकडे तोच अँटेना पहिला लावला. त्याआधी दोन्ही डिस्प्लेंचं सॉफ्टवेअर एकाच आवृत्तीचं करून घेतलं. आवृत्त्या वेगळ्या असल्या की ही निवड दुसऱ्या डिस्प्लेकडे पोचतेच असं नाही.

होकायंत्र

वरच्या सुकाणूपुढे होकायंत्र असतं आणि जागा लहान असते, त्यामुळे डिस्प्ले त्याला खेटून बसतो. पुस्तिकेत होकायंत्रापासून किती अंतर राखायचं ते दिलेलं असतं. ते पान कुणी उघडत नाही. भोकं पाडण्याआधी डिस्प्ले चालू करून हातात धरा, ठरवलेल्या जागी हळूहळू न्या आणि दुसऱ्याला होकायंत्राकडे बघायला सांगा. सुई हलली तर जागा बदला. वायरींतला करंटही सुई ओढतो, म्हणून तिथून जाणारी लाल आणि काळी वायर एकमेकींभोवती पिळून न्यायची. या बोटीवर भोकं आधीच पडलेली होती आणि सुई ८ अंश खात होती. डिस्प्ले दुसऱ्या बाजूला हलवला, जुन्या भोकांवर पट्टी मारली.

होकायंत्र आणि डिस्प्ले यांच्या आकड्यांत फरक दिसला की 'खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर वेगळी असते' असं सांगून विषय मिटवला जातो. जगात अनेक ठिकाणी ते खरंही आहे. मुंबईच्या आसपास मात्र त्या दोहोंत एक अंशाचाही फरक नाही. इथे मोठा फरक दिसला तर कारण बोटीवरच शोधा: डिस्प्ले, स्पीकर, कप्प्यात टाकलेला पाना.

ऊन आणि पाणी यांबद्दल थोडक्यात. वायर डिस्प्लेच्या मागे शिरण्याआधी तिला खाली झोका द्या, म्हणजे पाणी झोक्यावरून गळेल, प्लगात जाणार नाही. प्लगांवर सिलिकॉन फासू नका; आत शिरलेलं पाणी मग बाहेर पडत नाही. पोलरॉइड चष्म्यातून काही स्क्रीन एका कोनात काळ्या दिसतात, त्यामुळे 'डिस्प्ले गेला' म्हणण्याआधी चष्मा काढून बघा. काचेवरचं मीठ गोड्या पाण्याने भिजवून उतरवा, कोरडं पुसलं तर ओरखडे पडतात. टॅबलेट लावून काम भागेल का, असं बरेच जण विचारतात. जोडीला ठेवा, मुख्य म्हणून नको. मे महिन्याच्या उन्हात तो तापून बंद पडतो.

काम संपल्यावर वरच्या कन्सोलच्या झाकणाच्या आत मार्करने तीन आकडे लिहून ठेवले: भार असताना १२.३, दोन्ही टोकांचा मिळून रोध ६०, दोरीने पडताळलेली खोली दोन्हीकडे सारखी. तांडेलांना मीटर कसा धरायचा ते दाखवलं आणि माझा जुना मीटर बोटीवरच ठेवला. पावसाळ्यात बोट वर ओढलेली होती. पाण्यात उतरली त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "दादा, साठ बरोबर येताहेत. पण वरती अकरा पॉइंट नऊच आहेत." डिस्प्ले चालू होता, कुणाला काही जाणवलंही नसतं. फ्यूज पट्टीपासून एकेका लगवर उतार बघत जायला सांगितलं. निगेटिव्हच्या बसबारवरचा (सगळ्या निगेटिव्ह वायरी एकत्र येतात ती पट्टी) एक नट पावसाळ्यात सैल झाला होता. त्यांनी लग काढून घासला, नट आवळला आणि फोन चालू ठेवूनच वर चढून परत मोजलं. १२.३.